पानी कुठून येते अन् जळते काय?

उरकुडे काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की समोर आलेला पाण्याचा ग्लास पीत नाहीत. तो हातात धरून अंगणात जातात, उकिडवे बसतात आणि पाणी हळूच जमिनीवर ओततात. मग मान वाकडी करून ओघळ कुठं जातो ते बघत राहतात. घरातली माणसं दारात उभी राहून काकांना बघत राहतात. ओघळ थांबला की काका गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि जाहीर करतात, "पूर्वेले उतार हाये. बरं हाये." नाहीतर नुसतं "हं" म्हणतात. ते "हं" ज्या घराच्या वाट्याला आलं, त्या घराचं काका पुन्हा नाव घेत नाहीत.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीचं. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, हिंगणघाटच्या स्टँडवर. उभी नोकरी खिडकीत बसून, भोंग्यावर गाड्या पुकारत गेली. आवाज अजून फलाटाचाच आहे. सकाळी पिशवी घेऊन निघाले की अख्ख्या गल्लीला कळतं, भाजीबाजाराकडे जाणारे प्रवासी सुटले. कुंदाकाकू आतून ओरडतात, "कोथिंबीर आना, अन् परतीची गाडी वेळेवर येऊ द्या!"

तर या खिडकीतच काकांना ते सापडलं, ज्याला ते 'आपला विषय' म्हणतात. गाड्या पुकारता पुकारता त्यांच्या लक्षात आलं की एसटी कुठंही सरळ जात नाही. रस्ता नाल्यापाशी वळतो, म्हणून गाडी वळते. मोठा रस्ता रेल्वेच्या बाजूनं पळतो. रेल्वे आली कापसासाठी. कापूस आला काळ्या जमिनीसाठी. आणि काळी जमीन आली लाव्ह्यातून, तेव्हा तर माणूसच नव्हता. काका सांगायचे, "म्हंजे मी येवढे साल गावाचं नाव नाई पुकारत होतो, बाप्पा. मी लाव्हा पुकारत होतो!"

तेव्हापासून जगातल्या कोणत्याही संस्कृतीला ते दोनच प्रश्न विचारतात. पानी कुठून येते? अन् जळते काय?

"इजिप्त पाह्य," ते मला भिंतीवरून सांगायचे. "नदी जाते उत्तरेले, वारा वाह्यते दक्षिणेले. डोंगा पान्यानं खाली, शिडानं वरती. फुकटात जा-ये! मंग पिरॅमिड नाई होईन तं काय होईन? इंग्लंड पाह्य. झाडं तोडून तोडून संपले, तं पायाखाली कोळसा निघाला. कोळसा म्हंजे काय? जुनं ऊन. कधीचं पडलेलं, दाबून ठेवलेलं. ते जाळलं अन् जगावर राज्य केलं."

"आणि आपण?"

"आपल्याकडे बैल. बैलाचं इंजिन कडब्यावर चालते, अन् कडबा वावरातच पिकवा लागते. इंजिनच वावर खाऊन राह्यलं, तं साम्राज्याले काय उरन?"

जिल्ह्याची आजची अवस्थाही त्यांनी एका दमात सांगून टाकली होती. "आपलं पानी जाते बंगालच्या उपसागरात अन् आपले पोट्टे जातेत पुन्याले. दोन्हीकडून ओढून राह्यले जिल्ह्याले. मंग मधात काय राह्यन? मी अन् तुही काकू."

काकू या विषयाच्या पहिल्या बळी. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, चूल घरातून जाऊन जमाना झाला, तरी कुकरची शिट्टी झाली की काका स्वयंपाकघराच्या दारात उभे. पऱ्हाटी म्हणजे यंदाचं ऊन होतं, सिलेंडर म्हणजे परक्याचं जुनं ऊन, आणि कुंदा ते कसं उडवून राह्यली! काकू पोळी लाटता लाटता म्हणतात, "तुमच्या तोंडाले झाकन लावा पहिले. सारी वाफ तिकडूनच चालली."

माझं आणि काकांचं भांडण मात्र तात्त्विक होतं. माझे बाबा जिनिंगमधल्या कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. अक्षरं मी मोर्चाच्या हाकेवर शिकले. माणसं उठली म्हणून जग बदललं, हे माझ्या हाडात आहे. आणि हे गृहस्थ रोज संध्याकाळी सांगणार, की माणसं उठली बिठली काही नाही, उतार तसा होता!

एकदा माझा संयम संपला. मी म्हटलं, "काका, गावाच्या विहिरीत पाणी उतारानंच येत होतं ना? मग आमच्या आजीला ते पाणी का मिळत नव्हतं? विहिरीच्या काठाशी उभं राहून ती कुणीतरी ओंजळीत ओतायची वाट बघायची. तो कोणता उतार होता? सांगा. कोणत्या लाव्ह्यातून आला?"

काका चहा अर्धा ठेवून आत गेले. मला वाटलं, संपलं, आता भिंतीवरून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना भिंतीवर डोकं उगवलं.

"पत्रकवाली, तुही गोष्ट बरोबर हाये. माह्या विषयात भोक हाये. पानी उतारानं विहिरीपर्यंत येते. तिथून पुढचं उतार नाई ठरवत." मग माझ्या टूथब्रशकडं बघत म्हणाले, "आता तीन प्रश्न. पानी कुठून येते, जळते काय, अन् भरते कोन?"

एका माणसानं आपला आयुष्यभराचा सिद्धांत रात्रीतून दुरुस्त केला होता आणि ते सांगायला तो पेपर यायच्या आधी भिंतीपाशी आला होता. मोठमोठ्या व्यासपीठांवर मी हे पाहिलेलं नाही.

हे सगळं करमणुकीचं राहिलं असतं. पण काकांना एक मुलगी आहे, प्रणाली. माझी मैत्रीण. दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, रक्ताच्या बाटल्यांशी बोलावं तसं माणसांशी बोलते, म्हणजे कमी आणि जपून. तिच्यासाठी स्थळं येऊ लागली, आणि उरकुडे काकांचा विषय जगाच्या इतिहासातून निघून थेट तिच्या संसारात शिरला.

आपल्याकडे घर पाहायला जायची रीत आहे. मुलीकडची माणसं मुलाच्या घरी जातात, खोल्या मोजतात, गच्ची बघतात, पोहे खातात आणि मुलीला काय हवं ते सोडून बाकी सगळं ठरवून येतात. मला या रीतीचा संताप आहे. मी प्रणालीला म्हटलं, जिला राहायचं तिनंच घर पाहायला जावं. ती म्हणाली, "तू पन चाल मंग." म्हणून प्रत्येक वेळी गाडीत पुढं काका, मागं काकू आणि आम्ही दोघी. गेल्या गेल्या यजमानांचे चेहरे पडायचे. पुरुष मंडळींसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर तीन बायका आणि अंगणात एक पुरुष पाणी सांडतोय.

वडनेरला तर कहर झाला. शेतीवाडीवालं चांगलं घर. काकांनी ग्लास घेतला, अंगणात ओतला, बघत बसले. नवरदेवाचे वडील, म्हणजे होऊ घातलेले व्याही, आमच्याकडे इवाई, घाईघाईनं आत जाऊन आपल्या आईला म्हणाले, "माय, यायच्याकडची रीत हाये वाटते." म्हातारी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. काकांच्या ओघळाला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. काका उकिडवे, तोंड उघडं. एरवी कुणालाही मध्येच तोडणारा हा माणूस म्हातारीचा नमस्कार संपेपर्यंत हलला नाही. वर ती म्हणाली, "आमच्याकडून कमी नाई पडावं," आणि तिनं अख्खी बादली ओतवली. त्या बादलीत उतार, संशोधन, सगळं वाहून गेलं.

परतताना काकू गाडीत पोट धरून हसत होत्या. काका गंभीर. "पानी जिरलं नाई, वाह्यलं बी नाई. नुसतं बसून राह्यलं. चिखलाची जागा. नाई जमत."

वडनेर नापास झालं. मग पुण्याचा एक इंजिनिअर नापास झाला, कारण पुणं आपल्या पाण्याच्या उलट्या दिशेला. चंद्रपूरकडचा एक नापास झाला, कारण जुनं ऊन संपत चाललंय. वर्धा शहरातलाच एक मास्तर तिसऱ्या प्रश्नाला नापास झाला. त्याच्या घरी काकांनी विचारलं, "पानी भरते कोन?" मुलाचे चुलते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमच्या घरी बायाच भरतेत." काका म्हणाले, "काऊन? तुमचे हात का वाळत घातले हायेत?" चहा यायच्या आधीच आम्ही गाडीत होतो. त्या दिवशी मी काकांना भर रस्त्यात सलाम ठोकला.

पण काकूंचं हसणं हळूहळू कमी झालं. एकदा त्या मला म्हणाल्या, "यायले जवाई नाई पायजे, माय. यायले धरन पायजे."

मग निखिल आला. तो स्थळ म्हणून आला नव्हता. दवाखान्यात औषधं पोहोचवायला यायचा, तिथं प्रणालीनं स्वतः त्याला पसंत केलं होतं. घर जाम गावात, हायवेवर. वडिलांचं टायरचं दुकान. घर पाहायला जायच्या आदल्या दिवशी प्रणाली माझ्याकडं आली. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"बाबांनी नाही म्हटलं तरी मी निखिलशीच लग्न करीन. तुला तर माहीतच आहे. पण मग मला त्यांना हरवून जावं लागेल. मला तसं नाही जायचं गं. ते सरळ नाही म्हणतील तर भांडता येईल. ते नदी काढतात, लाव्हा काढतात. आता मी भांडू कुणाशी? नदीशी?"

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, हक्क मागून मिळत नसतो. ती म्हणाली, "हक्क आहेच माझा. मला बाबा पाहिजेत."



दिवाळी आटोपली होती. गाडी निघाली तसे काका सुरू झाले. "जाम म्हंजे वाटेवरचं गाव. नदी नाई, खान नाई. दोन मोठे रस्ते एकामेकाले भेटले म्हनून मानसं बसले. वाळवंटात असेच शहरं होते, उंटाच्या वाटेवरचे. वाट सरकली, शहर संपलं. मी सोता असे गावं पुकारले हायेत, जिथं आता गाडी नाई जात."

"वाट सरकली तर माणसंही सरकतात, काका. तुमच्या त्या उंटवाल्यांची पोरं कुठंतरी जेवतच असतील."

"तू चूप बस."

"विषयात भोक पडलं का?"

प्रणाली खिडकीबाहेर बघत होती. काकूंनी मला कोपर मारलं.

जामला खाली दुकान आणि वर घर. अंगण नव्हतंच. समोर सिमेंटची फरशी, पलीकडं ट्रक उभे. निखिलचे वडील शंकरराव म्हणजे ट्रकवाल्यांशी दिवसभर ओरडून बोलणारा मोकळा माणूस. काकांनी ग्लास घेतला, फरशीवर ओतला. पाणी पडलं तिथं थांबलं. थोडा वेळ थांबून काकांनी अजून थोडं ओतलं. तेही थांबलं.

"काही सांडलं काय, भाऊ?" शंकरराव म्हणाले. "राहू द्या, ऊन लागलं की वाळते."

मग तीन प्रश्न झाले. शंकररावांनी गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशी उत्तरं दिली. "पानी बोअरचं. जळते सिलेंडर. भरते मोटर."

"मोटर लावते कोन?"

"जो पहिले उठला तो."

"म्हंजे मीच," निखिलची आई आतून म्हणाली. सगळे हसले. निखिल म्हणाला, "रविवारी मी लावतो." त्याची आई म्हणाली, "रविवारी हा दहाले उठते. तवरोक टाकी भरून वाहून बी जाते."

काका हसले नाहीत. त्यांनी ट्रकांकडं पाहिलं, दोन रस्ते एकमेकांना छेदतात त्या बाजूला पाहिलं आणि म्हणाले, "हं."

शंकररावांना त्या "हं"चा अर्थ माहीत नव्हता. आम्हा तिघींना, म्हणजे काकूंना, प्रणालीला आणि मला, शिवाय काकूंच्या मनातली सगळी देवमंडळी धरली तर त्यांनाही, चांगला माहीत होता. प्रणालीनं पोह्याची बशी खाली ठेवली. आता ती बोलणार, हे मला तिच्या मानेवरून दिसलं. आणि ती बोलली की बाप आणि मुलगी दोघंही या घरातून वेगवेगळ्या गाडीनं जाणार, हेही दिसलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "वरती खोल्या दाखवा."

जिना चढून आम्ही सगळे वर गेलो. जोडप्यासाठी ठेवलेली खोली रस्त्याच्या बाजूला होती. नुकताच गुलाबी रंग दिलेला, वास अजून गेला नव्हता. शंकररावांनी पंखा लावून दाखवला, पलंग कुठं येणार ते दाखवलं, कूलरची जागा दाखवली. काका खिडकीपाशी गेले. खिडकीच्या कट्ट्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"ही तं मावळतीची बाजू झाली."

"हो. सारा हायवे दिसते इथून."

"सकाळचं ऊन येते काय या खोलीत? हिवाळ्यात?"

शंकरराव खो खो हसले. "ऊन? आपल्याकडे ऊन मागून कोन घेते, भाऊ? मे महिन्यात या, डालं भरून देतो!"

निखिलही हसला. मीही हसले असते. पण काकांचा आवाज फलाटाचा नव्हता. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता. त्याला दोन माणसांपलीकडं जायचंच नव्हतं.

"हिचे हात गार पडतेत," ते म्हणाले. "हिवाळ्यात. लहानपनापासून. बोटं पांढरे होतेत, पेन्सिल धरता येत नोयती. मंग मी हिले गच्चीवर उन्हात बसवून देत होतो. पन ऊन का एका जाग्यावर थांबते? ते सरकते. हिचं ध्यान पुस्तकात राहे, हिले कळत नोयतं सावली आली म्हनून. मंग मी हळूहळू सतरंजी ओढत जाओ तिच्यासकट. उन्हाच्या मांगं मांगं. ड्युटीची वेळ होयेपर्यंत."

रस्त्यावर कुणीतरी ट्रकचा हॉर्न दाबून धरला होता.

"हिनं सांगतलं नसन," काका निखिलकडं बघून म्हणाले. "हे सांगत नाई कोनाले. हात पदरात लपवून काम करत राह्यते."

निखिलनं मान हलवली. सांगितलं नव्हतं. प्रणाली दारात उभी होती. ती आता काही बोलणार नव्हती, तिच्या मानेवरून तेही दिसत होतं.

शंकररावांनी डोकं खाजवलं. "उगवतीची खोली हाये न. मांगच्या बाजूले. पन तिथं माल हाये, टायर हायेत. नवे. खिडकीपर्यंत रचले हायेत."

"टायर उन्हात ठेवले?" काका एकदम एसटीचे झाले. "वा रे वा! रबर तडकून जाईन. टायरले ऊन काह्यले पायजे?"

आणि ते निघाले. शंकरराव "भाऊ, भाऊ" म्हणत मागं. बोळातून पलीकडं गेलो. काकांनी दार ढकललं. खोली खालपासून वरपर्यंत काळ्या टायरांनी भरलेली, आणि रचलेल्या टायरांच्या वर खिडकीची तेवढी एक पट्टी दिसत होती. काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, वाकले आणि कडेचं एक टायर उभं करून बोळातून घरंगळत बाहेर नेलं. परत आले. दुसरं नेलं. सदरा काळा झाला.

"आयकता का, तुमच्या कंबरेचं काय?" काकू म्हणाल्या. पण आडव्या आल्या नाहीत.

तिसरं टायर ट्रकचं होतं. ते काही केल्या उभं राहीना. शंकरराव दारात उभे, अजून गोंधळलेले. ते चाचरत म्हणाले, "म्हंजे भाऊ... याचा अर्थ, होकार समजाचा काय आम्ही?"

काकांनी टायरची एक बाजू धरली होती. धाप लागली होती, त्यांनी मान वर केली नाही.

"तिकडून धरा, इवाई," ते म्हणाले. "एकट्यानं नाई उचलत."